बद्द घंटा

कोणाला तरी ते ठाऊक होते. धुक्यात घाटावरची घंटा वाजवली, पण तिचा आवाज नावेपर्यंत पोचला नाही. नाव खडकावर फुटली, सात माणसे गेली. ती घंटा बद्द आहे हे ज्याला ओतल्याक्षणी कळले होते, तो गप्प बसला. नाव फुटल्यावरही गप्पच राहिला.

एका राज्यात, जिथली नदी एका यक्षिणीच्या मालकीची होती, तिथे हे घडले. राजा धवलकेतूच्या ओतशाळेत साठ ओतारी राबत. रीत अशी, की घंटा कोणीही ओतो, मुद्रा राजाची. ओतणाऱ्याचे नाव कोणी विचारत नसे, आणि ओतणाऱ्यांनाही ते सोयीचेच वाटे.

सात प्रेते काठावर ठेवून यक्षिणी म्हणाली, "आता या राज्यात कोणताच धातू बोलणार नाही."

त्या क्षणी पैंजणे मुकी झाली. झांजा मुक्या झाल्या. तलवारीवर तलवार आपटली तरी आवाज होईना. घंटेवाचून धुक्यात नावा निघेनात, आणि पैलतीरावरच्या गावांतले धान्य संपत आले.

ओतशाळेत रुद्राजी नावाचा तरुण ओतारी होता. त्याच्या भट्टीच्या काठावर एक टिटवी येऊन बसली.

"शाप उतरवशील का?" टिटवीने विचारले.

"मलाच का विचारतेस? आम्ही साठ जण आहोत."

"सगळ्यांना विचारून आले. एकोणसाठांनी माझ्या डोळ्यांत पाहिले."

रुद्राजीने मान खाली घातली.

"कामे तीन आहेत," टिटवी म्हणाली. "काळ्या टेकडीच्या सापाकडून कथील आण. निवडुंगाच्या रानातल्या मांत्रिकाकडून अंगार आण. तिसरे मग सांगेन."

सापाने कथिलाच्या बदल्यात आयुष्याची पाच वर्षे मागितली. रुद्राजीने दिली. मांत्रिकाने अंगाराच्या बदल्यात सावली मागितली. तीही त्याने उतरवून दिली, आणि सावलीवाचून घरी आला. नवी घंटा ओतली. ती मुकीच निघाली.

"आता तिसरे," टिटवी म्हणाली. "बुडालेल्यांच्या घरच्यांपुढे उभा राहा, आणि ती घंटा कोणी ओतली ते सांग."

"त्यापेक्षा माझे डोळे घे."

"डोळ्यांचे मी काय करू?"

तीन दिवस तो घाटापर्यंत गेला आणि परत आला. चौथ्या दिवशी पैलतीरावरच्या चुली विझल्याची बातमी आली. तेव्हा तो घाटावर उभा राहिला. नवी घंटा वर टांगली होती, सात घरची माणसे समोर होती.

"कथील संपले होते," तो म्हणाला. "मुख्य कारागीर म्हणाले, शिसे घाल, मुद्रा तर महाराजांची आहे. मी घातले. वाजवून पाहिली, बद्द वाजली. मी मुद्रा उमटवली आणि जेवायला गेलो."

गर्दीतून एका विधवेने विचारले, "काय जेवलास?"

"भाकरी. वांग्याची भाजी. दोनदा वाढून घेतली."

तेवढ्यात डोक्यावरची घंटा, कोणी हात न लावता, वाजू लागली. घरोघरी भांडी वाजली, पैंजणे वाजली. यक्षिणीने धुके बाजूला सारले आणि धान्याच्या नावा निघाल्या.

राजाने मुख्य कारागिराला काढून टाकले आणि ते पद रुद्राजीला देऊ केले. रुद्राजीने हात जोडले.

"मला स्वतःची भट्टी घालायची आहे, महाराज."

"धन हवे? की कोणाचा हुकूम नको?"

"इतके चांगले कारण नाही माझ्याकडे. तुमच्या मुद्रेमागे लपायला फार जागा आहे. मी पुन्हा लपेन."

पुढे भाटांनी त्याच्या हिमतीची गाणी रचली. सगळी खोटी. गावाबाहेर त्याने भट्टी घातली ती शरमेने. स्वतःची भट्टी घालणारे पुष्कळ जण असेच कशापासून तरी पळत आलेले असतात. विचारले तर मात्र हिंमतच सांगतात.

पहिले गिऱ्हाईक एक धनगरीण होती. तिला बोकडाच्या गळ्यात बांधायला घंटा हवी होती. रुद्राजीने ओतली, तीनदा वाजवून दाखवली, कडेवर आपले नाव कोरले आणि खालच्या मानेनेच तिच्या हातात दिली.

धनगरणीने घंटा उलटसुलट करून पाहिली.

"नाव घातलंस ते बरं केलंस, दादा," ती म्हणाली. "पण घर कुठं ते सांगून ठेव. बिघडली तर भांडायला कुठं येऊ?"