सूर्याला न विचारणारी विजया

एकदा एका शिष्येने आपल्या गुरूंच्या बागेतील रोपांचे शेंडे खुडले. खुडताना तिला कोणी पाहिले नाही, ही कथा सांगणारीने तर नाहीच. मातीत पडलेले शेंडे मात्र सर्वांनी पाहिले. कथेला तेवढा पुरावा पुरेसा आहे.

गुरू वृद्ध वैद्य होते आणि बाग घाटमाथ्यावर होती. जिथे दुसरे काही चालत नाही अशा वेदनांवर ते विजया देत, म्हणजे लोक जिला भांग म्हणतात ती. तीही तोलून, क्वचित. तिच्या लागवडीची रीत शिष्येला मुखोद्गत होती. पावसाच्या तोंडी बी लावावे, रोप कोवळे असताना शेंडा खुडावा म्हणजे फांद्या फुटतात, पेंडीचे पाणी सढळ घालावे; पुढे दिवस आखूड होऊ लागले की ती आपोआप फुलते. पण त्या वर्षीचे बी एका व्यापाऱ्याने दूर उत्तरेकडून आणले होते, आणि ते पावसाची वाट न पाहता फाल्गुनातच लावले गेले. ती रोपे जेमतेम गुडघ्याला लागली आणि भर वैशाखात, दिवस वाढत असतानाच, फुलोऱ्यावर आली.

शिष्येला वाटले, रोपे वाट चुकली. त्यांना वळण लावले पाहिजे. तिने पहिल्या ओळीचे शेंडे खुडले, खालची पाने उतरवली आणि पेंडीचे पाणी दुप्पट केले. थोड्याच दिवसांत ती ओळ काळपट हिरवी झाली, पानांची टोके नखांसारखी खाली वळली. फुलोरा मात्र होता तिथेच थबकला.

वैद्य ओळीपाशी आले, वाकून त्यांनी पाहिले, आणि रागावले नाहीत. पेंड भिजत घातलेला रांजण त्यांनी दोन्ही हातांनी कलंडला आणि आंबलेले पाणी बागेबाहेरच्या दगडी वाटेवर वाहू दिले.

ओसरीवर बसलेल्या व्यापाऱ्याने उपरण्याने नाक दाबले. “आचार्य, आता वाटेला फुलं येणार वाटतं?”

व्यापारी त्या दिवशी निरोप घेऊन आला होता. घाटाखालच्या खोऱ्यात वैद्य नव्हता. तिथले लोक रोगी डोलीत घालून वर आणत, आणि प्रत्येक डोलीतला रोगी जिवंत पोहोचत नसे. त्यांनी या शिष्येला मागितले होते. वैद्यांचे उत्तर दर वर्षीचेच होते: “अजून कच्ची आहे.”

“लोणचं आहे का ती, मुरत घालायला?” व्यापारी म्हणाला होता. वैद्य हसले होते, आणि शिष्येने ते ऐकले होते.

आता ती रिकाम्या रांजणापाशी उभी होती. “कारण सांगा, आचार्य. न सांगता ओतलंत, तर उद्या मी पुन्हा भिजत घालीन.”

“घालशील. तुझा हट्ट मला ठाऊक आहे.” वैद्य बांधावर बसले. “आपली विजया सूर्याकडे पाहून फुलते. तिचा शेंडा खुडला, तरी दिवस आखूड होईतो तिला सावरायला अवधी असतो. ही सूर्याला विचारतच नाही. वय झालं की फुलते. जखम भरायला हिच्यापाशी वेगळे दिवस नाहीत. जखम भरली की तेवढी फुलं वजा. आणि फुलू लागल्यावर पेंड घातलीस, तर ती पानांच्याच मागे लागते. वाढीचं अन्न निराळं, फुलण्याचं निराळं. आता हिला चिमूटभर राख पुरे, आणि तुझा हात दूर. जिनं सूर्याला जुमानलं नाही, ती तुला जुमानेल होय?”

अशा कथांत शिष्य येथे नमस्कार करतो. या शिष्येने केला नाही.

“पटलं,” ती म्हणाली. “मग मला का खुडता?”

“काय म्हणालीस?”

“माझ्या औषधानं रोगी बरा होऊ लागला, की तुम्ही तो माझ्या हातून काढून घेता, आणि वर आणखी एक ग्रंथ पाठ करायला देता. शेंडा खुडायचा आणि पेंड घालायची, हेच ना ते? खोऱ्यात माणसं डोलीत मरताहेत, आचार्य. माझी वेळ झाली आहे. तुम्ही परवानगी दिलीत तर नमस्कार करून जाईन. नाही दिलीत, तरी जाईन.”

व्यापाऱ्याने नाकावरचे उपरणे काढले. वैद्यांनी वाटेवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे पाहिले.

“उतरताना डावीकडची वाट धर,” ते म्हणाले. “उजवीकडची खचली आहे.”

तेव्हा तिने नमस्कार केला.

हंगाम संपल्यावर व्यापारी खोऱ्यात गेला. तिच्या दारात रोगी बसले होते. त्याने तिच्यापुढे वाळलेल्या फुलोऱ्याची एक जुडी ठेवली. भरगच्च, राळेने चिकट.

“आचार्यांनी धाडली. न खुडलेल्या रोपांनाही एवढा फुलोरा आला नाही म्हणाले.”

“म्हणजे हे...?”

“तुम्ही खुडलेल्या ओळीतलं. शेवटचं रोप. बाकीची खुरटली, हे एकटंच असं फुललं.”

तिने जुडी उलटसुलट करून पाहिली. खुडल्याची जुनी खूण देठावर स्पष्ट होती. “एका रोपानं नियम ठरत नाही, असं सांगा त्यांना.”

“सांगतो. आणि एका रोपानं नियम मोडतो का, असं विचारलं तर?”

तिने जुडी बाजूला ठेवली. दारातल्या पहिल्या रोग्याला आत बोलावले. सर्व रोपे एकाच बियाण्याची, एकाच वाफ्यातली, एकाच हाताने खुडलेली. ते एक का फुलले, हे वैद्यांना सांगता आले नाही आणि तिलाही नाही.