पोपट उडालेली फांदी

हिवरटाक्याच्या तळ्याकाठी हा जो काळा दगड उभा आहे, त्यावर खालच्या अंगाला एक फांदी दिसेल. पांढरी, चुन्यानं काढल्यासारखी. तिला एकच पान आहे. वरची दुकानांची नावं खडूनं लिहिलेली, ती पावसात जातात. फांदी जात नाही. आलेल्या माणसांना तिची गोष्ट माझा थोरला भाऊ सांगायचा. तो या वैशाखात गेला. आता मी सांगतो.

फार पूर्वी इथं गोंदाजी नावाचा म्हातारा लोहार होता. त्याच्या विळ्यावर खूण म्हणून डावीकडं बघणारा पोपट असायचा. अक्षरं कुणाला येत नव्हती, पोपट बघून लोक विळा घ्यायचे. त्याच आळीत सिदू आणि मालू या भावांनी नवी भट्टी घातली. सिदूला पोपटांचा भारी नाद. तो म्हणे मालूला सांगायचा, "आपला पोपट उजवीकडं बघेल." पण ठसा कोरायच्या आधीच सिदू तापानं गेला.

मालूला धीर नव्हता. भावाचं बोलणं खरं करायचं म्हणून त्यानं सुतक फिटताच स्वतः ठसा कोरला, उजवीकडं बघणारा. तापल्या विळ्यांवर भराभर मारला आणि माल बाजारात नेला. ठशावरचं चित्र लोखंडावर उलटं उमटतं, हे सिदूच्या हाताला ठाऊक होतं. मालू ठशाकडंच बघत राहिला, विळ्याकडं त्यानं बघितलंच नाही.

विळे हातोहात खपले. मग एक बाई मोडका विळा घेऊन गोंदाजीकडं आली. "बाबा, तुमचा पोपट म्हातारा झाला काय?"

गोंदाजी तो विळा घेऊन मालूच्या दारात उभा राहिला. "माझ्या पोपटाला तुझ्या घरी पिल्लू कधी झालं रे?"

मालू म्हणाला, "माझा उजवीकडं बघतो." गोष्ट पंचांपुढं गेली; विळ्यावरचा डावीकडं बघणारा पोपट बघून ते हसले. मालूनं मुद्दाम केलं असं ठरवून त्यांनी भट्टी विझवायला सांगितली. सिदूनं स्वतः माती कालवून घातलेली भट्टी ती.

मालू रागानं ठसा तळ्यात फेकायला आला. हात उचलला आणि पाय घसरून पडला. ठसा चिखलात रुतला. उपसून काढला तर चिखलात पोपट उमटलेला, डावीकडं बघणारा. मालू तिथंच बसून रडला म्हणे. मग त्यानं शपथ घेतली: आपला एकही विळा गोंदाजीच्या नावावर आहे, तोवर घरी जेवणार नाही. गावोगाव हिंडून, घरोघरी चूक सांगून त्यानं सगळे विळे परत आणले. लोकांनी शिव्या दिल्या, काहींनी भाकरी दिली.

पुढच्या बाजारी त्यानं या दगडावर चुन्यानं नवी खूण काढली. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागला, "ही कुणाची आहे का?" कुणीच माझी म्हणालं नाही. दिवस कलताना गोंदाजी आला. नुसती फांदी बघून म्हणाला, "पोपट कुठाय?"

"उडाला, बाबा."

गोंदाजी खाली वाकला. मग त्यानं बोट चुन्यात बुडवलं आणि फांदीला एक पान काढलं. "वाळकी कशाला ठेवतोस? जा, भट्टी पेटव." थोरल्या लोहाराचा शब्द पंचांनी मोडला नाही. त्या रात्री पाऊस पडला, पण फांदी पुसली नाही, असं सांगतात.

आजही इथं नवं दुकान घालणारा आधी नाव या दगडावर लिहितो आणि बाजारभर विचारत बसतो. मागच्या बाजारी मसाला विकणारी एक पोरगी बसली होती. कुणीतरी म्हणालं, "ताई, तालुक्याला असंच नाव आहे, पाकीटही असंच लाल." तिनं पदरानं पुसलं, दुसरं लिहिलं. ते कुणाचंच निघालं नाही, तेव्हा बाजारातल्या सगळ्यांत जुन्या दुकानदारानं रीतीप्रमाणे नावाखाली पान काढलं.

भावाचा चहाचा गाडा आता मी चालवतो. त्यावर पाटी नाही. येत्या बाजारी मीही खडू घेऊन इथं बसणार आहे.