घंगाळातली नदी आणि सहा प्रधान

एका राज्यात राजाच उरला नव्हता. होता तो धूम्रसेन जादूगार, आणि त्याला प्रजेने हाकलून दिलं होतं. आता तिथे सहा प्रधानांचं नवंकोरं सरकार होतं. सहाही जण बंडवाले. हुकूम आला की मोडायचा, एवढंच त्यांनी उभ्या जन्मात केलं होतं, पण असं फक्कड केलं होतं की जादूगार जेरीस आला. त्यांचा म्होरक्या केरोबा मुख्य प्रधान झाला. सिंहासनावर बसायला कुणी तयार होईना, म्हणून सहाही जण त्याच्यासमोर सतरंजी अंथरून बसत.

धूम्रसेन गेला, पण जाता जाता शाप देऊन गेला. राज्यातली एकुलती एक नदी त्याने उचलली, राजवाड्यातल्या तांब्याच्या घंगाळात भरली, वर झाकण ठोकलं आणि झाकणावर बोलणारा धनेश पक्षी बसवला. "तहान लागली की मला हाक मारा," तो म्हणाला. "एकाने जरी मारली, तरी मी सिंहासनावर हजर."

मग एके सकाळी केरोबाची बायको येसाई सरळ दरबारात आली. कडेवर नात, नातीच्या ओठांना भेगा.

"अहो प्रधान," ती म्हणाली, "तुमच्या बंडापायी मी रानात भाकऱ्या पोचवल्या, तुरुंगाच्या दारात ताटकळले. पण आज दिवस मावळेपर्यंत या पोरीच्या तोंडात पाणी पडलं नाही, तर त्या मेल्याला मी स्वतः हाक मारीन!"

येसाई बोलते ते करते, हे केरोबाइतकं कुणाला ठाऊक! त्याने धनेशापुढे हात जोडले.

"पक्षिराज, शापाला उतारा सांगावा."

"कामं तीन," धनेश म्हणाला. "पहिलं, अंधारगुहेतल्या नागाच्या डोक्यावरचा मणी आणा."

सहाही जण धावत सुटले आणि जेवणवेळेआधी मणी घेऊन परतले. सटवाजी प्रधानाला नाग चावला खरा, पण सटवाजी इतका कडू की नागच आडवा पडला.

"दुसरं, धूम्रसेनाच्या खजिन्यातून चालत जा. ज्याला मोह होईल, त्याचा खेकडा होईल."

सोन्याच्या राशींमधून सहा जण चालले. सोनं पायाला टोचतं अशी कुरकुर करत चालले. एकजण तर धोतराला चिकटलेली सोन्याची धूळ झटकायला परत आत गेला. खेकडा एकही झाला नाही.

"असं सरकार मी पाहिलं नव्हतं," धनेश म्हणाला आणि झाकणावरून खाली उतरला. "तिसरं तर अगदी सोपं. एकाने 'उचला' म्हणावं, बाकीच्यांनी झाकण उचलावं."

केरोबा खाकरला. "उचला!"

कुणी हललं नाही.

"हुकूम सोडतोस?" सटवाजी कडाडला. बंडातला हा केरोबाचा जुना सोबती, आणि विरोधक त्याहून जुना. "यासाठी का आपण फटके खाल्ले?"

झालं! घोषणा सुरू. "हुकूमशाही चालणार नाही!" आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता कोण, तर खुद्द केरोबा. सवय हो, दुसरं काय!

"अहो, तुमच्याच विरुद्ध ओरडताय," येसाईने त्याचा हात ओढला, तेव्हा तो भानावर आला.

मग त्याने युक्ती केली. "खबरदार! झाकणाला कुणी हात लावायचा नाही!" म्हणताच पाचही जणांनी ईर्षेने झाकण धरलं. ते वीतभर वर आलं आणि धाडकन पुन्हा बसलं.

"न ऐकणं तुम्हाला आधीच येत होतं," धनेश म्हणाला. "त्याने नदी सुटत नाही."

ऊन खिडकीवरून उतरलं. बाहेर लोक कुजबुजत होते, "आधीचा बरा. पाणी तरी होतं." येसाई खिडकीशी गेली, डोळे पुसले आणि तिने हाक मारायला तोंड उघडलं.

"सटवाजी!" केरोबा घाईने म्हणाला. "हुकूम तू दे. मी मानतो."

सटवाजीची बोबडी वळली. "मी? आणि झाकण पडून कुणाचा पाय चेचला तर?"

"तर लोक तुला जाब विचारतील. मला सकाळपासून याचाच घाम फुटलाय."

सटवाजीने डोळे मिटले. "उचला," तो पुटपुटला. "जरा जपून."

केरोबा वाकला. दुसऱ्याच्या शब्दावर त्याने आजवर बोटसुद्धा हलवलं नव्हतं. शरमेने कानशिलं तापली. पण त्याने नातीच्या ओठांकडे पाहिलं आणि झाकणाची कडी धरली. त्याला वाकलेला पाहून उरलेले चौघेही कुरकुरत वाकले.

झाकण उचललं गेलं. नदी उसळून बाहेर आली, सतरंजी आणि सिंहासन दोन्ही घेऊन दारातून निघाली आणि आपल्या पात्रात जाऊन वाहू लागली. डोंगरापलीकडे हाकेची वाट पाहत बसलेल्या धूम्रसेनाचे दोन्ही कान गळून पडले.

येसाईने ओंजळीने आधी नातीला पाजलं, मग स्वतः प्यायली. लगेच तिने तोंड वाकडं केलं.

"पाणी गढूळ आहे," ती म्हणाली. "उद्या अख्खी आळी घेऊन जाब विचारायला येते."

गुडघाभर पाण्यात उभ्या केरोबाला रडू आणि हसू एकदमच आलं.

"ये," तो म्हणाला. "आम्ही इथेच असू."