खर्डूचं सलून

खाडीवरचे पक्षी पिसं कातरून घेत असत, त्या काळातली ही गोष्ट. खर्डू नावाच्या खेकड्याने तिथल्या चिखलात एकट्याचं सलून थाटलं. कात्री अंगचीच होती. ओहोटी लागली की तो बिळातून वर येई, भरती आली की आत जाई.

टिटवीला मात्र चैन पडेना. काल सकाळी नऊला उघडलेलं दुकान आज दहापर्यंत बंद का? चार दिवस डोकावून शेवटी तिने विचारलंच, "खर्डूभाऊ, वरच्या कोरड्या वाळूत बसलात तर? तिथे भरती येत नाही. दिवसभर गिऱ्हाईक."

"बघू तरी," म्हणत खर्डू वर गेला. लगेच रांग लागली. पण ऊन चढलं तसा त्याला श्वास पुरेना, नांग्या थरथरू लागल्या आणि पुढ्यात कातरायला बसलेल्या टिटवीची अर्धी शेपटी उडाली. खर्डू तिथेच आडवा झाला. टिटवीने त्याला ढकलत ढकलत ओल्या चिखलात नेलं, तेव्हा कुठे तो हलला.

"अहो, अंग ओलं असलं तरच तुम्हाला श्वास घेता येतो, तर सांगायचं नाही?"

"रांग बघितली आणि विसरलो," खर्डू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बगळा आला. "सलून कधी उघडतं?"

"पाणी उतरलं की," टिटवी म्हणाली.

"म्हणजे थांबायचं?"

"थांबा की. मीच त्यांना घाई केली होती," असं म्हणून टिटवी वळली आणि बगळ्याला तिची शेपटी दिसली.

तो मुकाट्याने एका पायावर उभा राहिला.