राजवैद्यिणीची हलकी पोर

एका राज्यात आजाऱ्यांसाठी एक नेम होता. वैद्यानं जो पदार्थ वर्ज्य सांगितला, तो आजाऱ्यानं घरातून उचलावा आणि वैद्याच्या दारी नेऊन ठेवावा. डोळ्यांआड झालं की जीभ गप बसते, असं राजाचं म्हणणं. खुद्द राजानंही आपली श्रीखंडाची हंडी एकदा डोळे पुसत पुसत पाठवली होती.

त्या राज्याची राजवैद्यीण शेवंता. तिच्या हाताला गुण मोठा. मुळ्या, काढे द्यायचीच, पण वर तीन गोष्टी सगळ्यांना सांगायची. भूक असेल तेवढंच खा. रोज पायी चाला. आणि जिच्या कडेवर लेकरू आहे तिनं ते घटकाभर दुसऱ्याच्या हाती द्यावं नि डोळे मिटून पडावं. लोक ऐकत, हलके होत, बरे होत.

इकडे शेवंताचं माजघर गुळाच्या ढेपांनी, तुपाच्या बुधल्यांनी, लाडवांच्या डब्यांनी भरून गेलं. अन्न टाकू नये हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. मग ती येता-जाता, उभ्या-उभ्या, एकेक संपवी. भूक असो नसो. दारात राजाचा मेणा उभा, म्हणून चालणं नाही. नवरा सीमेवर राजाच्या घोड्यांपाशी, घरात म्हाताऱ्या सासूबाई नि तीन वर्षांची लेक बकुळी, म्हणून झोप नाही. बकुळी शिंकली तरी ही उठून बसे.

एके दिवशी काळकेतू जादूगार गुडघे धरून आला. शेवंतानं त्याला डिंकाचे लाडू वर्ज्य सांगितले. बिचारा डबा ठेवून गेला. काठी विसरली म्हणून माघारी आला, तो बघतो काय, वैद्यीणबाई डबा उघडून उभी, गाल भरलेला.

“गोड आहेत का, वैद्यीणबाई?”

“टाकवत नाही हो,” शेवंता कशीबशी म्हणाली.

“मला काढा नि तुला लाडू. बरं तर. आजपासून भुकेवाचून खाल्लेला तुझा प्रत्येक घास तुझ्या पोरीच्या वजनातून वजा होईल.”

काठी घेऊन तो निघून गेला.

चार दिवसांनी बकुळीला उचललं, तर हाताला भारच लागेना. गाल तेच, हसू तेच, पण भार नाही.  काळजी वाढली तसा शेवंताचा हात डब्याकडे जास्त जाऊ लागला. हात तोंडाशी गेल्यावर तिला आठवायचं. तोवर घास उतरलेला असायचा. नवव्या दिवशी बकुळी अंथरुणातून उठली ती थेट आढ्याला जाऊन टेकली आणि वरून टाळ्या पिटू लागली.

शेवंतानं जुन्या लुगड्याची पट्टी फाडली. एक टोक पोरीच्या कमरेला, एक आपल्या मनगटाला. सासूबाई म्हणाल्या, “दे माझ्याकडे, तू जरा टेक.” तिनं दिली नाही. म्हाताऱ्या हातांना कंप होता.

तेवढ्यात आढ्यावरची साळुंकी बोलली. त्या राज्यात साळुंक्या बोलत.

“वैद्यीणबाई, यावर औषध आहे.”

“सांग. पाताळातून आणीन.”

“पाताळात कशाला? लोकांना सांगतेस त्या तीन गोष्टी तीन दिवसांत तू कर. एक जरी चुकली, तर चौथ्या दिवशीचा वारा पोरीला घेऊन जाईल.”

पहिल्या दिवशी शेवंता भूक लागेपर्यंत बसून राहिली. माजघरातून लाडू हाका मारू लागले. “आम्हाला टाकतेस? अन्नाचा अपमान करतेस?” ती कान दाबून उठली. गावाबाहेर तळ्याचं खोदकाम चाललं होतं, पोटं खपाटीला गेलेल्या बाया माती वाहत होत्या. ढेपा, बुधले, डबे, सगळं गाडीत भरून तिनं त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं. तिथं लाडू काही बोलले नाहीत. सांजेला खरी भूक लागली, तेव्हा ती अर्धी भाकरी जेवली. बकुळी आढ्यावरून हातभर खाली आली.

दुसऱ्या दिवशी मेणा परत पाठवून ती टेकडीच्या वाटेला लागली. वर बकुळी पतंगासारखी तरंगतेय, खाली आईचा जीव मुठीत. वाट मायावी, चालावं तशी लांबायची. दम लागला, पायांना फोड आले. वाटेत काळकेतू दगडावर बसलेला.

“मेणा कुठं गेला, वैद्यीणबाई?”

“तुम्ही चालता का रोज, मी सांगितलं तसं?”

“तुम्ही चालत नव्हता, मग मी कशाला चालू?”

 शेवंता चालत राहिली. माथ्यावर पोचली तेव्हा बकुळी तिच्या डोक्याएवढ्या उंचीवर होती.

तिसरा दिवस सर्वांत अवघड. दुपारी तिनं मनगटाला पट्टी बांधली आणि पडली.

“दोरी धरून झोपणं ही झोप नव्हे,” साळुंकी म्हणाली.

“आणि सुटली तर?”

 बाहेर वारा सुटला होता. दारं वाजत होती. शेवंतानं किती बायांना हे सांगितलं होतं. त्या बाया नुसत्या मान हलवून का जात, ते तिला आज कळलं. तिनं गाठ सोडली आणि पट्टी सासूबाईंपुढे धरली.

“तुमचे हात थरथरतात, सासूबाई.”

“थरथरतात खरं. पण तुझा नवरा मी एकटीनं वाढवलाय. तो काही उडून गेला नाही.”

शेवंताला हसू आलं, नि हसता हसता रडूही. भिंतीकडे तोंड करून तिनं डोळे मिटले. शंभरदा उठावंसं वाटलं. शंभर वेळा ती उठली नाही. मग केव्हातरी डोळा लागला.

जाग आली तेव्हा वारा पडला होता. लुगड्याची पट्टी अंगणात तुळशीपाशी लोळत होती, रिकामी.  शेवंता अनवाणी धावत ओसरीवर आली.

सासूबाई खांबाला टेकून बसलेल्या. बकुळी त्यांच्या मांडीवर पसरून घोरत होती.

“उठलीस? घे बाई ही धोंड,” सासूबाई कुजबुजल्या, “माझा पाय पार बधिर झालाय.”

शेवंतानं पोर उचलली, तर कमरेतून कळ आली. तिला वाटलं, ही कळ कधी थांबूच नये.

पुढं राजानं नेम बदलला. वर्ज्य पदार्थ तळ्यावरच्या बायांकडे जाऊ लागले, आणि वैद्यानं जे पथ्य सांगावं ते आधी आपण तीन दिवस पाळावं, असं ठरलं. टेकडीच्या वाटेवर सकाळी काळकेतू पुढं आणि वैद्यीणबाई मागं, दोघंही धापा टाकत चालू लागली. ऐकणाऱ्यांच्या घरी लेकरं कडेवर जड असोत, आणि आयांचे डोळे निवांत मिटोत.