फटफटीची आगाडी-पिछाडी

"दोरी लावायची नाही म्हणजे नाही!" मानाजीराजे गरजले. "आमची फटफटी काय चोर आहे, मुसक्या बांधून न्यायला?"

झालं! पागेतले घोडे सांभाळणारा मोतद्दार शिदोबा मटकन खालीच बसला. नवी कोरी फटफटी उद्या बैलगाडीत घालून घाटापलीकडे राजांच्या मेहुण्यांकडे न्यायची होती. मेहुण्यांपुढे मिरवायची, म्हणून अंगावर घोड्याचा सगळा साज हवा! गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर जरीची झूल, दिव्यावर कलगी. आणि एक जरी ओरखडा उठला, तर शिदोबाची तीस वर्षांची चाकरी गेली, पागेमागची खोलीही गेली.

"महाराज, न बांधता कशी हो टिकेल? पहिल्याच वळणाला आडवी होईल," तो कसाबसा म्हणाला.

"ती फटफटी नाही, घोडा आहे घोडा! भर दरबारात सांगितलंय आम्ही!"

शिदोबाची लेक सगुणा दारातून ऐकत होती. आबांचं उतरलेलं तोंड तिला बघवेना. पण राजांचं बोलणं ऐकून तिचे डोळे लकाकले.

"महाराज, घोडा म्हणजे अगदी घोडाच ना? पागेचे सगळे नियम लागू?"

"सगळे! एक जरी चुकवलास, तर गाठ आमच्याशी आहे!"

"जशी आज्ञा!" म्हणून सगुणा कामाला लागली.

सकाळी राजे येऊन बघतात तो काय! साज गायब. फटफटी गाडीत ताठ उभी, पुढून दोन दोर, मागून दोन दोर, चारही ताणून गाडीला आवळलेले. दोर घासेल तिथे कापडाच्या घड्या, चाकांना लाकडाचे ठोकळे.

"पोरी! दोर कुणी लावला?"

"तुमच्याच नियमानं लावला, महाराज! पुढचे दोर म्हणजे आगाडी, मागचे म्हणजे पिछाडी. त्यांच्यावाचून घोडा उभा केला, तर मोतद्दाराला चाबूक बसतो. खरं की नाही, आबा?"

आबांची पाचावर धारण बसली होती. त्यांनी नुसती मान हलवली.

"आणि साज?"

"लांबच्या मजलेला तो उतरवून पेटीत ठेवतात. शिवाय हे बघा!" तिनं भोक पडलेली झूल पुढे केली. "काल चढवून फटफटी सुरू केली, तर धुराची नळी तापून झूल करपली! घुंगरमाळ अडकून लगाम, म्हणजे हँडल, डावीकडे वळेचना. असल्या घोड्यावर महाराज बसले असते, तर थेट ओढ्यात गेले असते!"

"टाकीही रिकामी! उपाशी ठेवलंस?"

"प्रवासाआधी घोड्याला पोटभर चारत नाहीत, महाराज. वाटेत हिंदकळून सांडलं, की भडका!"

बापलेक गाडीत बसले आणि राजे तणतणत घोड्यावरून गाडीच्या मागोमाग निघाले. पोरीची चूक पकडायचीच होती त्यांना. घाटात गाडीचं चाक धाडकन खड्ड्यात गेलं, गाडी एका अंगाला कलली. शिदोबानं घट्ट डोळे मिटले. पण फटफटी? तसूभर हलली नाही!

राजांनी उतरून तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. ओरखडा एक नाही! पण हार मानणं त्यांच्या जिवावर आलं.

"एवढे नियम सांगितलेस ना? मग हेही सांग! घोड्याला बैलगाडीत घालून नेतात, हे कुठल्या पागेत पाहिलंस?"

"कुठल्याच नाही, महाराज! मीसुद्धा कालपासून मनात तेच म्हणतेय. पण तो हुकूम काही माझा नव्हता!"

मग राजे असे खदाखदा हसले, की बैलांनी कान टवकारले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी सगुणाच्या हातात घातलं.

"शिदोबा, पागा जन्मभर तुझी! आणि आजपासून फटफटीला काहीही लावायचं झालं, तर आधी या पोरीला विचारायचं. आम्हीसुद्धा!"