कायतान मास्तरांच्या हातातले मुसळ

एकदा एका वृद्ध ड्रमवादकाने आपल्या शिष्येला बरोबर घेऊन समुद्रापार प्रयाण केले. त्यांचे नाव कायतान. गोव्यातल्या एका लहान गावात त्यांचा जन्म झाला. विसाव्या वर्षी जहाजावरच्या वाद्यवृंदात ते नोकरीला लागले आणि पुढची चाळीस वर्षे बंदरामागून बंदर हिंडत राहिले. जहाज जिथे थांबे तिथे ते उतरत, आणि परतत तेव्हा एक नवी रचना त्यांच्या मनात आकार घेऊ लागलेली असे. त्यांच्या जाझ रचना देशोदेशी वाजवल्या जात. ऐकणारे म्हणत, या माणसाच्या ड्रमवर गावे ऐकू येतात.

शिष्या हेमांगी मूळची सांगलीची. आठ वर्षांच्या साधनेने तिचा हात असा तयार झाला होता, की मास्तरांचे कुठलेही वादन एकदा ऐकले की ती जसेच्या तसे वाजवी. मात्र स्वतःची अशी एकही रचना तिला साधत नव्हती. दोन ओळी लिहायच्या आणि खोडायच्या, असे तिचे चाललेले असे. या दौऱ्याआधी मास्तरांनी आयोजकांना परस्पर कळवून टाकले, "शेवटची रचना हेमांगीची असेल." त्या दिवसापासून तिची झोप उडाली होती. या वेळीही काही सुचले नाही, तर वादन सोडून घरी परतायचे, असे तिने मनाशी ठरवले होते.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका छोट्या बंदरात ते पोहोचले. कार्यक्रम चौथ्या दिवशी होता. गावातल्या वादकांनी मास्तरांचा सत्कार योजला होता. मामादू नावाचे शाळाशिक्षक दुभाषे म्हणून त्यांना घेऊन निघाले. वाटेत एका अंगणात तीन बायका एकाच उखळात बाजरी कांडत होत्या. तीन मुसळे वर जात, खाली येत, पण एकमेकांना शिवत नसत. मधेच एखादी बाई मुसळ हवेत सोडी, टाळी वाजवी आणि ते अलगद झेली.

मास्तर थबकले. मग टोपी काढून अंगणात शिरले आणि हात जोडून म्हणाले, "मला जरा कांडू द्याल?"

मामादूंनी बावरतच ते सांगितले. बायका हसल्या आणि त्यांनी एक मुसळ पुढे केले. तिसऱ्याच घावाला मास्तरांचे मुसळ दुसऱ्या मुसळावर आदळले. बाजरी उडाली. शेजारपाजारचे लोक जमले. त्या घरची म्हातारी, फातू आजी, पुढे आली. तिने मास्तरांच्या मनगटावर चापट मारून मुसळ काढून घेतले. मास्तरांनी वाकून सांडलेले दाणे वेचले आणि पुन्हा हात पुढे केला.

सत्कार राहून गेला. दुसऱ्या दिवशीही मास्तर तिथेच. पुन्हा तेच हसणे, त्याच चापट्या. हेमांगीला ते पाहवेना. संध्याकाळी ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही कोण आहात हे त्यांना एकदा सांगू तरी द्या ना! सगळं गाव हसतंय तुम्हाला."

मास्तर सुजलेल्या तळव्याला तेल चोळत होते. ते म्हणाले, "मी कोण ते सांगितलं असतं, बाय, तर त्यांनी मला खुर्ची दिली असती. मुसळ दिलं नसतं. माझ्या ज्या रचनांना तू नमस्कार करतेस ना, त्यातली प्रत्येक कुठल्या ना कुठल्या गावी झालेली माझी फजिती आहे. तिथलं मला जमलं नाही. जमवता जमवता जे हाती लागलं, ते ना त्यांचं होतं, ना माझं आधीचं. तुझ्या हाताला सगळं येतं. म्हणून नवं काही त्याच्याकडे येत नाही."

हेमांगीने त्या सुजलेल्या हातांकडे पाहिले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, जगाने डोक्यावर घेतलेले हात! ते अजून मार खायला तयार होते.

तिसऱ्या सकाळी ती एकटीच त्या अंगणात गेली. मामादू आधीच येऊन बसले होते. तिने मुसळ मागून घेतले, मनात मात्रा मोजल्या आणि बिनचूक वेळी घाव घातला. खाडकन मुसळे आदळली. दुसऱ्यांदाही तेच झाले. फातू आजी काहीतरी पुटपुटली. मामादूंनी अर्थ सांगितला, "त्या म्हणतात, तू मुसळाकडे बघतेस. बायकांकडे बघ."

हेमांगीने मान वर केली. समोरच्या बाईने श्वास भरून घेतला, तिचे खांदे उचलले गेले, डावीकडच्या बाईची कंबर किंचित वळली आणि त्या दोघींच्या मधे एक जागा मोकळी झाली. तिचे मुसळ त्या जागेत उतरले. पुन्हा उतरले. पायांखालची जमीन घुमू लागली. कोण कांडते आहे आणि कोण थांबले आहे, हे क्षणभर तिला कळेनासे झाले. मग ती चुकली आणि बाजरी उडाली. हेमांगी खळखळून हसली. दाणे वेचायला वाकली, तेव्हा तुटलेला तो ठेका मनात कुठेतरी पुढे चालूच असल्याचे तिला जाणवले.

चौथ्या दिवशी कार्यक्रमाच्या शेवटी तिने वाजवले ते जेमतेम सात मिनिटांचे होते. एका जागी ठेका मुद्दाम मोडत होता आणि वेगळ्याच अंगाने पुन्हा उभा राहत होता. तिथे सभागृहाने श्वास रोखला.

वादन संपल्यावर ती मास्तरांच्या पाया पडायला वाकली. मास्तरांनी तिला मधेच धरले आणि तिसऱ्या रांगेकडे बोट केले. तिथे फातू आजी बसली होती.

हेमांगी रंगमंचाच्या पायऱ्या उतरली.